उद्याही याच वाटेनं

जुन्नर-आंबेगावला समुद्र नाही, पण किनारा भरपूर आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं या दोन तालुक्यांत आहेत. पाऊस बरा झाला, तर गणपती-नवरात्राच्या सुमाराला ती काठोकाठ भरतात. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा मागं जातं आणि परत येतं. आमचं दिवाळीनंतर मागं सरायला लागतं ते मृगापर्यंत सरतच राहतं. या लांबलचक ओहोटीचे फोटो काढणं हे माझं हिवाळ्यातलं काम.

पोटापाण्याचा मुख्य धंदा नारायणगावातला स्टुडिओ. तो वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रं आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं. त्याच्या जोडीला एका दैनिकाच्या जिल्हा पानासाठी रोज एक फोटो. मानधन पेट्रोलला पुरतं, कधी पुरत नाही. वर्षभर हे काम असतं, पण थंडी पडली की पुण्याच्या डेस्कला फोटोची भूक लागते. शेकोटी, धुकं, कानटोपी, हुरडा, दवानं भिजलेलं कोळ्याचं जाळं. दुपारी तीनच्या आत फोटो आणि फोटोओळ गेली पाहिजे.

आमच्या भागात सुंदर फोटोंना तोटा नाही. धुक्यातून वर आलेला शिवनेरीचा माथा, सुमारे तीनशे पायऱ्या चढून दम लागलेले लेण्याद्रीचे भाविक, ओझरच्या गणपतीच्या देवळामागं पसरलेलं येडगावचं पाणी. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आहेत. एकूण तीस, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, त्यातल्या चौदा खोडदच्या आसपास दाटीनं उभ्या. उगवत्या सूर्यासमोर त्या सगळ्या एका दिशेला तोंड करून असल्या की कुणीही काढलेला फोटो चांगलाच येतो. पण रोज एक म्हटलं की असा माल पहिल्या काही आठवड्यांतच संपतो. शिवनेरी दुसऱ्यांदा पाठवला की डेस्कवरचा मुलगा विचारतो, "ताई, हा मागच्याच आठवड्यात लावला ना?"

खरं काम इथून पुढं सुरू होतं. पर्यटक एका दिवसासाठी येतो, त्याला सगळ्यात देखणं ते घेऊन जायचं असतं. मला उद्याही याच वाटेनं यायचं असतं. या एका गोष्टीनं मला काय दिसतं तेही बदललं आणि मी माणसांशी कशी वागते तेही.

आधी उजेडाबद्दल. हिवाळ्यात मी साडेपाचला उठून येडगावच्या काठावर जाते. बोटं उघडी राहतील असे हातमोजे, डोक्याला मफलर. कॅमेरा थंडीला फारसा घाबरत नाही, उबेला घाबरतो. काठावर गारठलेला कॅमेरा तसाच चहाच्या टपरीत नेला, की चुलीशेजारच्या दमट हवेनं भिंगावर वाफ धरते आणि ती पुसत बसण्यात अर्धा तास जातो. म्हणून चहा पिताना बॅगेची चेन लावलेली असते आणि स्टुडिओत आल्यावरही ती लगेच उघडत नाही. बॅटऱ्या मात्र आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

सगळ्यात लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरचा, हे शाळेत शिकलेलं. पण सूर्य सगळ्यात उशिरा त्या दिवशी उगवत नाही. पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळं आमच्याकडं सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी पुढं ढकलला जातो, पार सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. संक्रांतीला दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात, तो संध्याकाळच्या बाजूनं वाढत असतो. सकाळ त्या वेळी सगळ्यात आळशी असते. घड्याळ लावून काठावर उभं राहणाऱ्याला हे पंचांग न उघडता कळतं. पश्चिमेला डोंगराकडं सरकलं की हिशोब पुन्हा बदलतो. माणिकडोहच्या वरच्या अंगाला किंवा डिंभ्याच्या मागं आहुप्याकडं संध्याकाळी सूर्य कड्याआड लवकर जातो. तिथं पाच वाजता सावली पडलेली असते आणि नारायणगावात अजून ऊन असतं.

काठावर पोचण्याआधीच निम्मे फोटो वाटेवर भेटतात. शेतीपंपांची वीज आलटून पालटून येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की कांद्याला, गव्हाला दारं धरून माणसं पहाटे घरी परतत असतात. पायांना चिखल, हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि बहुतेक वेळा दोघं मिळून, कारण बिबट्याच्या भागात एकट्यानं उसाशेजारून जायची कुणाची हिंमत नाही. वर्तमानपत्रात हे 'दिवसा वीज द्या' या मागणीच्या बातमीत येतं. मला ते रस्त्यावर, थंडीनं आखडलेल्या बोटांत आणि विझत आलेल्या बॅटरीच्या पिवळ्या उजेडात दिसतं. एकदा एका आजोबांचा असा फोटो काढला. ते म्हणाले, "काढ, पण खाली लिव्ह, आमी हौसंनं फिरत नाय रातचं."

मी शक्यतो त्यांनी सांगितलेलंच लिहिते.

आता पाणी. रोज त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेचा फोटो काढला, तर पहिले काही दिवस काहीच घडत नाही. मग एके दिवशी लक्षात येतं की काल पाण्यात असलेला बाभळीचा बुंधा आज कोरडा आहे. धरणाच्या उतारावर पाणी एका टप्प्यावर काही दिवस थांबतं, मग खाली जातं आणि दर टप्प्याची रेघ मातीवर उमटते, आमटीच्या पातेल्याला आतून बसतात तशी. माणिकडोहच्या काठावर जानेवारीत त्या रेघा मोजता येतात. आधी गवत बाहेर येतं, मग गाळ, मग जुनी विहीर, मग पूर्वीच्या रस्त्याची फरसबंदी.

येडगावचं तसं नाही. ते धरण म्हणजे कुकडीच्या डाव्या कालव्याचा उगम. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी त्यात येतं, डिंभ्याचा डावा कालवाही येडगावातच येऊन मिळतो आणि तिथून ते पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. त्यामुळं येडगावचं पाणी भर हिवाळ्यातही चढतं आणि उतरतं. आमच्याकडं खरी भरती-ओहोटी बघायची असेल तर ती इथं. फक्त ती चंद्र ठरवत नाही, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. आवर्तन किती दिवसांचं, कुणाला आधी, कुणाला नंतर, यावर दर हिवाळ्यात वाद होतात. डिंभ्याचं पाणी बोगद्यानं माणिकडोहला न्यायचा प्रस्ताव निघाला की आंबेगावकर संतापतात, आणि कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी म्हणतो की आमच्यापर्यंत येता येता पाणी संपतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. माझ्या फोटोत दोघांची बाजू नसते. एवढंच असतं की अमुक तारखेला पाणी अमुक दगडापाशी होतं.

डिंभ्याला मी आठवड्यातून एकदा तरी जाते. घोड नदीवरचं हे धरण आमच्या भागातलं सर्वांत मोठं, साडेतेरा टीएमसीच्या आसपास साठ्याचं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना मुंबईत त्यांच्या अंगावरून तो नेला गेला, तो दिवस 12 डिसेंबर 1930. दर 12 डिसेंबरला महाळुंग्याला अभिवादन असतं आणि माझा त्या दिवशीचा फोटो ठरलेला असतो. ठरलेला फोटो हे रोजच्या कामातलं सर्वांत अवघड प्रकरण. पुतळा, हार, पाहुणे, शाळेची मुलं हे दर वर्षी तेच. त्यामुळं मी पुढाऱ्यांच्या रांगेकडं पाठ करून उभी राहते आणि मुलांकडं बघते. बाबू गेनू गेले तेव्हा बाविशीत होते, गिरणीत काम करणारे. रांगेत ताटकळलेल्या दहावीच्या पोरांत आणि त्यांच्यात फार अंतर नव्हतं, हे फोटोत आणता आलं तर आणायचं.

डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. तालुक्याला ज्या गावाचं नाव, ते गाव बुडालं. कचेऱ्या घोडेगावात आहेत. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात आणि मोठे कॅमेरे घेऊन पुण्याहून लोक येतात. मला त्याआधीचे महिने जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण त्याच काळात पाण्यातून सुटलेल्या जमिनीवर गाळपेर होते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातले कितीतरी महादेव कोळी आणि कातकरी. धरणाचं पाणी कालव्यानं दूरच्या शेतांना गेलं, काठावर राहिलेल्यांना गाळ आणि मासे राहिले. त्या गाळावरचे आणि माशांवरचे हक्कही आपोआप मिळाले नाहीत. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या शाश्वत संस्थेनं इथल्या आदिवासींसोबत पडकई (डोंगरउतारावर भातखाचरं पाडणं), गाळपेर आणि जलाशयातली सहकारी मासेमारी यांवर वर्षानुवर्षं काम केलं. 2012 साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. आज पाण्यावर दिसणाऱ्या होडीमागं एवढा इतिहास आहे.

होडी म्हणजे दर वेळी होडीच असते असं नाही. ट्रकच्या ट्यूबवर, थर्माकोलच्या तराफ्यावर बसूनही माणसं जाळं टाकतात. संध्याकाळी टाकलेलं जाळं पहाटे काढायचं. डिसेंबरात पाण्यावर वाफ तरंगत असते आणि तिच्यातून माणूस कमरेपर्यंतच दिसतो. रोहू, कटला, मृगळ आणि कुणी न सोडता सगळीकडं माजलेला चिलापी. तिथं जायला लागले तेव्हा काठावरच्या एका मामांनी जाळं सोडवता सोडवता विचारलं, "तुमी कालबी आलता का?"

"मागच्या आठवड्यात आले होते."

"मंग त्यो फोटू कुठंय?"

पेपरात आला होता, पण त्यांच्या वाडीवर पेपर येत नव्हता. पुढच्या फेरीला मी मॅक्सी साईजच्या प्रिंट नेल्या. तेव्हापासून हा नियमच झाला. ज्याचा फोटो काढला त्याला पुढच्या खेपेला प्रिंट द्यायची. फोन असला तरी प्रिंट द्यायची, कारण फोन बदलला की फोटो जातो आणि प्रिंट भिंतीवर राहते. स्टुडिओवालीला हा खर्च परवडतो, आणि त्याचा मोबदला दुप्पट मिळतो. कुठल्या बाजूला चक्रवाक उतरलेत, कुठल्या खाडीत वारकरी पक्ष्यांचा थवा आहे, उद्या कालव्याचं दार उघडणार आहे का, हे मला डेस्कच्या आधी काठावरून कळतं.

माझ्या फोटोंवर सर्वांत परखड टीका डेस्कनं केलेली नाही, ती द्राक्षवाल्यांनी केली. नारायणगाव, जुन्नर हा द्राक्षांचा पट्टा. काळ्या जंबोला परदेशात मागणी असते. जानेवारीत बागेत मणी फुगत असतात आणि नेमकं त्याच वेळी डेस्कला धुकं हवं असतं. धुक्यात बुडालेली बाग, त्यातून चालत येणारा शेतकरी, मागं धूसर डोंगर. हा फोटो हमखास लागतो आणि लोकांना आवडतो. पण धुकं आणि ढगाळ हवा म्हणजे बागेत भुरी, डाऊनी आणि फवारणीचा जादा खर्च. कडाक्याची थंडी पडली तर मणी तडकतात, म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, ठिबक चालू ठेवतात. बाहेरच्याला ही शेकोटी ऊब घ्यायला पेटवलेली वाटते. ओळखीच्या एका बागायतदार दादांनी फोटो बघून मला फोन केला. "फोटो झकास आलाय ताई. त्या धुक्याचं बिल पाठवू का तुमच्या पेपरला?"

ते हसून बोलले होते, पण मी त्यावर बराच विचार केला. धुक्याचा फोटो काढणं मी थांबवलं नाही, कारण धुकं खोटं नाही. बदलली ती फोटोओळ. 'धुक्यात हरवलेली वाट' असलं मी लिहीत नाही. कुठली बाग, मणी कुठल्या अवस्थेत, धुक्यामुळं काय होणार, हे दोन वाक्यांत लिहिते. डेस्क कधी ते ठेवतो, कधी कापतो. ठेवलं तर फोटोचा अर्थ बदलतो. वाचणाऱ्याला देखावाही दिसतो आणि त्याची किंमतही. कांदावाल्यांचं तेच. दव धरलेली कांद्याची पात उन्हात चमकते, आणि शेतकऱ्याला त्या चमकेत करपा दिसतो.

हिवाळा हा ऊसतोडीचाही हंगाम. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे दोन कारखाने सुरू झाले की रस्ते ट्रॅक्टर आणि टायरगाड्यांनी भरतात. बीड, पाथर्डी, जालन्याकडून टोळ्या येतात आणि मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. उसाच्या फडात फोटोला सगळं तयार असतं. कोयत्याची पात, उडणारं पाचट, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी बाई. मी असे फोटो काढत होते तेव्हा एका बाईनं मोळी खाली टाकली आणि म्हणाली, "बाई, हे कशाला काढतीस? हे तर रोजचंच हाय. मी जरा त्वांड धुतल्यावर काढ की."

तिला तिचा फोटो हवा होता. पेपरला तिचं काम हवं होतं. मी दोन्ही काढले. काम झाल्यावर ती कोपीपाशी तोंड धुऊन, केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून बसली, शेजारी लेकराला उभं केलं. तो फोटो कुठंच छापून आला नाही. तो तिच्या पत्र्याच्या पेटीत गेला. पुढच्या हंगामात तीच टोळी पुन्हा आली, तर तिनं लांबून हाक मारली आणि लेकराला पुढं केलं. या वेळी ते मागच्या फोटोपेक्षा हातभर उंच होतं. त्यावरून मला कळलं की रोजच्या फोटोचा हिशोब पाण्याइतकाच माणसांनाही लागू आहे. एका फोटोत ऊसतोड कामगार बाई दिसते. दोन फोटोंत ती बाई दिसते, जी दर वर्षी येते आणि जिच्या मुलाचं एक शाळेचं वर्ष दर वेळी मधूनच तुटतं.

ऊस तुटत आला की बिबट्याचा प्रश्न पुढं येतो. आमच्या भागात बिबटे उसात राहतात, उसात वितात. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले खूप वाढले आणि तेव्हापासून हा विषय कधीच थंड झाला नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. हिवाळ्यात तोड चालू असताना पाचटात बछडी सापडतात. मग काम थांबतं, वनविभागाची माणसं येतात, पशुवैद्य बछडी तपासतात आणि दिवस मावळायला ती एका क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात. बहुतेक वेळा रात्री मादी येते आणि त्यांना घेऊन जाते. हे सगळं जुळून यायला एकच अट असते. तिथं गर्दी नको.

अशा वेळी गर्दी करायला सर्वांत आधी पोचणाऱ्यांत फोटोवाले असतात. बछड्याला मांडीवर घेऊन काढलेला फोटो सगळ्यांत जास्त फिरतो. मी मात्र क्रेट ठेवणाऱ्या वनरक्षकाचा पाठमोरा फोटो काढते. तोडलेल्या उसात प्लॅस्टिकचा एक क्रेट, वाकलेला माणूस, पलीकडं अजून उभा असलेला ऊस. फ्लॅश नाही. फोटोओळीत गावाचं नाव असतं, शेताचा ठावठिकाणा नसतो. मग मी निघते. मादीची वाट बघत थांबत नाही. डेस्कवरून कुणी विचारलंच की बछडी का दिसत नाहीत, तर सांगते की दिसली असती तर उद्या त्या शेतात जायला मला तोंड राहिलं नसतं. ज्याच्या शेतात मादी चिडून फिरत राहिली असती, त्याला रात्री तिथंच दारं धरायची असतात.

वडिलांच्या काळात हे काम वेगळं होतं. रोल छत्तीस फोटोंचा, त्यामुळं रोजच्या फोटोसाठी दोन किंवा तीन क्लिक, त्यापेक्षा जास्त नाही. उरलेल्या रोलवर एखादं बारसं. फार महत्त्वाचं काही असलं तर रोल काढून, पाकिटात घालून, नारायणगाव स्टँडवर पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा. शिवाजीनगरला पेपरचा माणूस उभा असायचा. वडील सांगतात की कंडक्टरनं कधी पैसे घेतले नाहीत, पण त्यांच्या मुलाच्या लग्नाचे फोटो आमच्याकडून गेले. ते रोल आज खोक्यांत आहेत. खोक्यावर वर्ष, पाकिटावर गाव आणि तारीख, वडिलांच्या बारीक अक्षरात. मी डिजिटलवर आले तरी ती सवय सोडली नाही. रोजच्या फोल्डरला तारीख, गाव आणि पाणी. पाणी म्हणजे त्या दिवशी ते कुठल्या खुणेपाशी होतं, ते.

या सवयीचा उपयोग मला फार उशिरा दिसला. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. धुक्यातला शिवनेरी सकाळी आठच्या आत शेकडो फोनवर फिरलेला असतो. माझा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, तोवर तो शिळा झालेला असतो. मग रोज जाऊन फोटो काढणारीचं काय काम उरलं, हा प्रश्न मला स्टुडिओत शिकायला येणारी पोरंही विचारतात. त्यांना मी दोन फोटो शेजारी ठेवून दाखवते. माणिकडोहच्या एकाच दगडावरून काढलेले, दोन वेगवेगळ्या वर्षांचे, जानेवारीतल्या एकाच तारखेचे. एकात पाणी दगडाला लागलेलं, दुसऱ्यात खूप खाली गेलेलं. दोन्ही फोटो दिसायला साधेच आहेत. पण ते शेजारी ठेवले की आवर्तनाचं वेळापत्रक, पावसाचा ताळेबंद आणि येणारा उन्हाळा सगळं बोलायला लागतं. कुणाच्याही खिशातल्या फोनमध्ये हे निघू शकतं. अट एवढीच की तो माणूस त्याच दगडावर परत गेला पाहिजे आणि तारीख लिहून ठेवली पाहिजे.

मागच्या काही वर्षांत शेतकरी स्टुडिओत येऊन ही फोल्डरं उघडायला लावतात. पासपोर्ट फोटो काढायला आलेला माणूस हळूच विचारतो, "ताई, डिसेंबराच्या शेवटाला वडजचं पाणी कुठं व्हतं ते सापडंल का?" कधी पंप खाली हलवण्यासाठी, कधी शेजाऱ्याशी पैज लागलेली असते म्हणून, कधी बैठकीत बोलायचं असतं म्हणून. पाटबंधारे खात्याकडं रोजची पातळी आकड्यांत असतेच आणि ती माझ्या फोटोपेक्षा नेमकी असते. पण माणसाला आपल्या ओळखीचा दगड बघून जे पटतं ते आकड्यानं पटत नाही. मी प्रिंट काढून देते, मागं तारीख लिहिते आणि मॅक्सीचे पैसे घेते. धंदा आहे.

महाशिवरात्रीला भीमाशंकरची यात्रा झाली की डेस्कचा थंडीतला रस संपतो. मग त्यांना उन्हाच्या झळा, कलिंगडं आणि माठ हवे असतात. मी तेही देते. धरणाच्या काठावर मात्र जातच राहते, कारण हिवाळ्यातल्या फोटोचा अर्थ मे महिन्यात कळतो. टँकर कुठं लागला, कुठल्या वाडीची विहीर आटली, कुठल्या बागेला शेवटचं पाणी मिळालं नाही, हे कळलं की मी डिसेंबरची फोल्डरं उघडते. तेव्हा नुसती सुंदर वाटलेली पाण्याची रेघ आता काहीतरी सांगत असते. शिकायला येणाऱ्या पोरांना म्हणून माझं पहिलं काम ठरलेलं आहे. एक जागा निवडा, घरापासून सायकलवर जाता येईल अशी. शिवनेरी नको, लेण्याद्री नको. पाझर तलाव चालेल, कांद्याची चाळ चालेल, बसस्टँड चालेल. पाऊस येईपर्यंत तिथं जात राहा आणि तिथं जो कुणी रोज भेटेल, त्याला पहिल्याच आठवड्यात त्याचा फोटो नेऊन द्या.